वाचक विचारतात : तेलाच्या गावांतला कायदा

प्रश्न : बिल टिल्घमन हा अमेरिकेच्या सरहद्दीवरचा नामांकित मार्शल, म्हणजे कायदा राखणारा पोलीस अधिकारी, आयुष्यभर दरोडेखोरांच्या मागावर राहूनही तगला आणि अखेर सत्तरीत एका तेलाच्या गावात सरकारी अंमलदाराच्याच गोळीने मेला, असे वाचनात आले. हा निव्वळ दैवयोग समजायचा, की या गावांतला बंदोबस्तच निराळा होता?

उत्तर : दैवयोग म्हणून हे प्रकरण मिटवता येणार नाही. १८५४ साली जन्मलेला टिल्घमन गुरांच्या बाजाराच्या डॉज सिटी या गावाचा मार्शल होता, आणि पुढे १८९६ मध्ये बिल डूलिनसारख्या दरोडेखोराला त्याने एकही गोळी न झाडता पकडले होते. ओक्लाहोमातील क्रॉमवेल या तेलाच्या गावी १ नोव्हेंबर १९२४ च्या रात्री केंद्र सरकारचा दारूबंदी अंमलदार वायली लिन झिंगलेल्या अवस्थेत मोटारीतून आला आणि त्याने भर रस्त्यात गोळी झाडली. टिल्घमनने त्याला धरले, तेव्हा लिनने दुसरे पिस्तूल काढून त्याला ठार केले. दारू बंद करण्यासाठी नेमलेला हा गृहस्थ पुढे खटल्यातून निर्दोष सुटला.

गुरांच्या बाजाराच्या गावांत दंगा हंगामी असे. कळप रेल्वेपर्यंत आणून पोहोचवला की गुराखी पगार उडवत आणि निघून जात. तेवढ्या दिवसांत त्यांची पिस्तुले ठेवून घेणारा एक खमक्या मार्शल व्यापाऱ्यांना पुरत असे. तेलाला हंगाम नसतो. विहीर लागल्याची बातमी फुटताच, नगरपालिका, तुरुंग किंवा धड रस्ताही नसलेल्या जागी हजारो माणसे येऊन थडकत. त्यांच्या खिशात रोजच्या रोज पैसा खुळखुळे आणि १९२० पासून देशभर दारूबंदी असल्यामुळे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीमागे कुणीतरी डोळेझाक करण्याची गरज असे. पूर्वी मार्शलला पिस्तूलवाल्यावर नजर ठेवावी लागे. इथे बिल्ला लावलेल्या माणसावरही ठेवावी लागली. टिल्घमनची सारी उमेदवारी पहिल्या कामात झाली होती, असे मला वाटते.

टेक्ससच्या उत्तर भागातील बोर्गर हे याचे सर्वांत उघडे उदाहरण. १९२६ मध्ये एस बोर्गर याने तेथे भूखंड विकायला काढले आणि काही महिन्यांतच वस्ती पंचेचाळीस हजारांवर गेल्याचे सांगितले जाऊ लागले. जुगार, दारू आणि वेश्याव्यवसाय यांची घडी बसवणारी टोळी महापौरांच्या आश्रयाने वावरत होती. १९२७ मध्ये टेक्सस रेंजर्स हे राज्याचे पोलीस पथक आले, तेव्हा गाव काही काळ निवळले, पण बाहेरून आलेला पहारा उठला की जुने हिशेब पुन्हा सुरू होतात. १३ सप्टेंबर १९२९ रोजी जिल्ह्याचे सरकारी वकील जॉन होम्स यांना त्यांच्या राहत्या घरी गोळ्या घालण्यात आल्या, तेव्हा राज्यपाल डॅन मूडी यांनी लष्करी कायदा पुकारला. नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सेनेच्या शिपायांनी गावात येताच स्थानिक पोलिसांची शस्त्रे काढून घेतली. होम्स यांचा खुनी मात्र कधीच शाबीत झाला नाही.

प्रश्न : किलगोर येथे कैद्यांना चर्चमध्ये साखळीला बांधून ठेवत, हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. १९३० च्या अखेरीस पूर्व टेक्ससमध्ये तेल लागल्यावर काहीशे वस्तीचे किलगोर फुगले. तेथे पाठवलेले रेंजर मॅन्युएल गोन्झाउलास यांच्याजवळ पुरेसा तुरुंग नव्हता, म्हणून एका जुन्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये लांब जाड साखळी टाकून तिला ओळीने कैदी अडकवले जात. मासेमारीच्या आडव्या दोरीला गळ लटकावेत तसे हे दिसे, म्हणून लोक त्याला ‘ट्रॉटलाइन’च म्हणत. संशयितांची निवड करताना गोन्झाउलास तळहात पाहत. घट्टे पडलेले हात कामगाराचे, मऊ हात पत्त्यांचा जुगार खेळणाऱ्या पत्तेवाल्याचे किंवा ठकाचे! ही युक्ती चतुर खरी, पण पांढरपेशा कारकुनाचे हातही मऊच असतात, आणि अशा वेळी आपण कारकून आहोत हे सिद्ध करण्याचे ओझे साखळीतल्या माणसावर पडे. अनेकांना गाव सोडण्याच्या बोलीवर मोकळे करीत, म्हणजे पत्तेवाला पुढच्या तेलक्षेत्रात दुकान मांडायला मोकळा. पुढे १९३५ मध्ये टेक्ससने रेंजर्स आणि महामार्ग पोलीस एका खात्याखाली आणले, तेव्हा त्या खात्याच्या गुन्हे-प्रयोगशाळेची जबाबदारी याच गोन्झाउलास यांच्याकडे आली.