क्लार्कनंतरची आयोवा कशी बघावी

केटलिन क्लार्कमुळे तू आयोवा या अमेरिकन विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचे सामने बघू लागलास आणि ती संघ सोडून गेल्यावर त्यात दम उरला नाही असं म्हणतोस. थोडा धीर धर. तिच्या शेवटच्या हंगामात ती सामन्यामागे सरासरी ३१.६ गुण आणि जवळपास नऊ असिस्ट (सहकारीला थेट बास्केट मिळवून देणारे पास) करत होती. एवढा मोठा वाटा कुणा एकीच्या अंगावर टाकता येत नाही. त्यातच तिची सहखेळाडू केट मार्टिनही संघातून बाहेर पडली आणि प्रशिक्षक लिसा ब्लूडर निवृत्त झाल्या. त्यांच्या जुन्या सहकारी जॅन जेन्सन यांनी सूत्रं हाती घेतली.

स्कोअर बघण्याआधी चेंडू कोण पुढे आणतंय ते बघ. क्लार्क असताना उंच मुलींनी बास्केटकडे धाव घ्यायची, पास बरोबर हातात यायचा. आता तीच जागा स्क्रीन लावून (प्रतिस्पर्धी बचावपटूच्या वाटेत उभं राहून), दोन-तीन पास खेळून मिळवावी लागते. यात चेंडू हातचा जातोच, आणि मला विचारशील तर खरी कसोटी तिथेच आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सलग पाच पराभव झाले तेव्हा बऱ्याच जणांनी आशा सोडली. पण २ फेब्रुवारीला, क्लार्कची २२ नंबरची जर्सी निवृत्त झाली त्याच दिवशी, यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) या बलाढ्य संघाला त्यांनी ७६-६९ असं हरवलं. व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या संघातून आलेल्या लूसी ओल्सेनने २८ गुण केले. तिची तुलना क्लार्कशी करू नकोस, तो त्या पोरीवर अन्याय आहे. त्या सामन्यातला तिचा मधल्या अंतरावरून मारलेला जंपशॉट (उडी मारून केलेला फेक) मात्र चुकवू नकोस. सुरुवात त्याच सामन्यापासून कर, आणि पूर्ण बघ, हायलाइट्स नकोत.