वाचक विचारतात : कोळसा, वावर आणि मोबदल्याचे पैसे

या महिन्याच्या टपालात कोळशाबद्दलची पत्रं जास्त होती. माझी सगळी नोकरी वर्धा खोऱ्यातल्या खाणींवर सर्वेअर म्हणून झाली, घर वणी तालुक्यात आहे आणि वावर अजूनही आम्हीच करतो. म्हणून संपादकांनी ती पत्रं माझ्याकडे दिली.

माझे बाबा डंपर चालवतात. त्यांनी खाणीतून आणलेल्या दगडावर पानाचा ठसा आहे. सर म्हणतात, कोळसा झाडांपासून झाला. पण काकाजी, आपल्याकडे एवढी ऊन तापते, मग इथे एवढं दाट जंगल होतं का?
— अकरावीची विद्यार्थिनी, भद्रावती

बेटा, आधी त्या दगडाची काळजी घे. पाण्याने धुऊ नकोस, उन्हातही ठेवू नकोस. तो शेल आहे, म्हणजे चिखल दबून झालेला थराथराचा दगड. वाळला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि ठशावरची काळी झिलई वाऱ्यानेही उडते. पान जिभेच्या आकाराचं असेल, मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा दिसत असतील, तर ते ग्लॉसोप्टेरिस. हे झाड पृथ्वीवरून जाऊन आता कोट्यवधी वर्षं झाली.

उन्हाचं तू बरोबर हेरलंस. ते जंगल उष्ण मुलखातलं नव्हतंच. साधारण २८ कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन दक्षिण गोलार्धात फार खाली, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियाला लागून होती. त्याच्या थोडं आधी इथे चक्क हिमनद्या होत्या. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेकाठी इरई गावाजवळ खडकावर ओरखडे आहेत. बर्फाने दगडगोटे घासत नेले, त्याच्या त्या खुणा. जिथे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, तिथे बर्फाचे ओरखडे! शाळेची सहल न्यायची तर तिथे न्यावी, असं मला मनापासून वाटतं.

बर्फ वितळला, दलदली झाल्या, त्यांत ही जंगलं वाढली. झाडं पाण्यात पडली की हवा लागत नाही, म्हणून ती पूर्ण कुजत नाहीत, त्यांचा काळा गाळ साचत जातो. आपल्याकडे जमीनच खचत होती. आज वर्धा आणि गोदावरी जिथून वाहतात, त्या पट्ट्यात खालचा खडक भेगाळून लांब खोलगट भाग तयार झाला होता. गाळ साचला, जमीन आणखी दबली, वरून नद्यांनी वाळू आणली. दाब आणि उष्णतेने पाणी व वायू निघून गेले आणि कार्बन उरला. आपल्या खोऱ्यात काही ठिकाणी हा थर १५ मीटरच्या आसपास जाड आहे, म्हणजे चार मजली इमारतीएवढा. नद्यांची माती दलदलीत मिसळत राहिली, म्हणून आपल्या कोळशात राख फार, बहुधा ३० टक्क्यांच्या वर.

बाबांना सांग, पुढच्या वेळी कोळशाचा एक तुकडा आण. आडवा धरून बघ. चकचकीत आणि मळकट असे पट्टे एकाआड एक दिसतील. चकचकीत पट्टा म्हणजे लाकूड.

आमच्या बोअरच्या पाण्यावर तेलासारखा तवंग येतो. कोळसा आहे तर खाली तेलही असेल का?
— एक शेतकरी, मारेगाव तालुका

नाही दादा. तेल बहुतेक करून समुद्राच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म जीवांपासून होतं. ते खडक साधारण ६० ते १२० अंशांपर्यंत तापावे लागतात आणि झालेलं तेल अडवून धरणारा खडकही वर असावा लागतो. १९७४ मध्ये सापडलेलं मुंबई हाय हे तेलक्षेत्र मुंबईजवळच्या समुद्रात आहे. आपला कोळसा गोड्या पाण्यातल्या दलदलीचा. तवंगाला काडी लावून बघा. काचेसारखे तुकडे पडले आणि तसेच राहिले तर तो लोखंडाचा आणि जिवाणूंचा थर आहे. लगेच पुन्हा जुळून आला तर तेल खरं, पण ते बोअरच्या पंपाच्या मोटारीचं. मेकॅनिकला बोलवा.

खाण आमच्या धुऱ्यापासून अर्ध्या कोसावर आली आणि दोन वर्षांत विहीर आटली. साहेब म्हणतात पाऊस कमी झाला. खरं काय?
— ओलिताचा शेतकरी, राजुरा तालुका

ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी खाण कशी चालते ते आधी समजून घ्या. वरची काळी माती, मग पिवळी माती, मग वाळूचा दगड, कोळशावरचं हे सगळं ओबी (ओव्हरबर्डन) म्हणून काढून बाजूला ढीग लावतात. एकेक बेंच, म्हणजे पायरी करत खाली जातात, ब्लास्टिंग करतात आणि शॉवेलने, म्हणजे मोठ्या खोदयंत्राने डंपर भरतात. वाळूच्या दगडात पाणी असतं. तुमची विहीर ज्या पाण्यावर चालते त्याच्याही खाली खाणीचा तळ गेला की पाणी तिकडे ओढलं जातं. खाणीच्या तळातल्या खड्ड्यात (त्याला संप म्हणतात) जमलेलं ते पाणी रात्रंदिवस पंपाने उपसून बाहेर सोडावं लागतं, नाहीतर काम बंद पडेल. म्हणजे खाणीमुळे विहिरी उतरतात, यात शंका नाही. तुमची त्याचमुळे उतरली का, हे मोजमापावरूनच ठरेल.

म्हणून आजपासून मोजा. दोरीला वजन बांधून विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर दर महिन्याच्या एकाच तारखेला वहीत लिहा. शेजारच्या चार-पाच विहिरींचंही लिहा, त्यांतली एकतरी खाणीपासून लांबची असू द्या. पाऊस सगळीकडे सारखाच पडला आणि जवळच्याच विहिरी उतरल्या, तर कागद बोलेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींचे आकडे मागा. खाणीला पर्यावरण मंजुरी देताना अटी घातलेल्या असतात आणि त्या पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, तोही मागून वाचा. माझ्या नोकरीत मी तोंडी तक्रारी वाऱ्यावर गेलेल्या फार पाहिल्या. तारखा घातलेल्या वहीपुढे मात्र साहेबांना खाली उतरून विहीर बघावी लागते.

जुन्या भूमिगत खाणींवर घर असलेल्यांनीही जपावं. घुग्घुसला २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक घर बघता बघता जमिनीत गेलं. भिंतीला नवी भेग पडली की वाट पाहू नका, घराबाहेर पडा आणि तहसीलला लेखी कळवा.

चंद्रपूरचं ऊन पॉवर स्टेशनमुळेच वाढलं ना?
— एक वाचक, सिंदेवाही

पुष्कळांना असं वाटतं, पण हिशेब वेगळा आहे. चंद्रपूर समुद्रापासून लांब आणि सखल भागात आहे. उन्हाळ्यात हवा कोरडी, आभाळ मोकळं. ते आधीपासूनच तापायचं. चिमणीतून निघणारी राख आणि धूर जवळच्यांना बाधतात, छातीचे आजार तिथेच होतात, पऱ्हाटीची पानं आणि बोंडं तिथेच काळवंडतात. त्याबद्दल बोलायलाच हवं. कार्बन डायऑक्साइड मात्र एका जागी थांबत नाही. एक किलो कार्बन जळाला की हवेतला ऑक्सिजन धरून सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो जगभर पसरतो. कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे २८० भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. चंद्रपूरचा, चीनचा, अमेरिकेचा धूर मिळून सगळ्या जगाची हवा तापते आणि त्यात आपलाही पारा चढतो.

आपल्या शेतीला उन्हापेक्षा पावसाचा घोर जास्त आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत येतो, मग वीस दिवस उघाड. सोयाबीनला शेंगा धरताना हे झालं की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

वावर खाणीत गेलं. मोबदला जमा झाला, पोराला जमिनीच्या बदल्यात खाणीतच नोकरी लागते आहे. पुतण्या म्हणतो, सगळे पैसे कोल इंडियाच्या शेअरमध्ये टाका, डिव्हिडंड चांगला मिळतो. टाकू का?
— प्रकल्पग्रस्त शेतकरी, वरोरा तालुका

भाऊ, सगळे मुळीच टाकू नका. पुतण्या खोटं बोलत नाही, डिव्हिडंड, म्हणजे कंपनीच्या नफ्यातला वाटा, खरंच चांगला मिळत आला आहे. कंपनी नफ्यात आहे, साठ टक्क्यांहून जास्त शेअर सरकारकडे आहेत आणि सरकारलाही तो पैसा हवा असतो. देशातला कोळसाही लगेच बंद होत नाही. २०२४-२५ मध्ये देशाचं उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेलं.

पण शेअरची चाल बघा. २०१० मध्ये सरकारने तो पहिल्यांदा लोकांना विकला तेव्हा भाव २४५ रुपये होता. दहा वर्षांनी, २०२० मध्ये, तो १५० च्याही खाली होता. २०२४ मध्ये ५०० च्या वर गेला. ज्याला २०२० मध्ये लेकीच्या लग्नासाठी पैसे लागले, त्याने काय केलं असेल? पुढचंही पाहा. २०३० पर्यंत कोळसा, तेल आणि गॅसशिवायची ५०० गिगावॉट वीज बनवण्याची क्षमता उभी करायची आणि २०७० पर्यंत नेट झिरोला, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडू तेवढाच परत काढून घेण्यापर्यंत, पोहोचायचं, असं भारताने २०२१ मध्ये जगासमोर सांगितलं आहे. मुख्य धंदा कोळशाचा असलेल्या कंपन्यांतून सरकारी पेन्शन फंडाचा पैसा काढायचा, हे नॉर्वेच्या संसदेने २०१५ मध्येच ठरवलं. कोळसा जमिनीत शिल्लक असतानाही त्याचा भाव पडू शकतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पोराचा पगार कोळशावर, गावातली दुकानदारी कोळशावर, आणि आता घरची पुंजीही कोळशावर. खाणीला वर्षं ठरलेली असतात, मंजुरीच्या कागदात ती लिहिलेलीच असतात. वावर तुमच्या आजाने पेरलं आणि तुम्हीही पेरलं. खाण एकदा खणली की तो थर परत भरत नाही. म्हणून मोबदल्याचा पहिला हक्क दुसऱ्या वावराचा. थोडं लांब, ब्रह्मपुरी-नागभीडकडे का असेना, पण पाण्याची सोय बघून घ्या. साठी ओलांडली असेल तर पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. लेकीच्या शिक्षणाचे वेगळे काढा. एवढं करून उरलेल्यातला लहानसा भाग शेअरमध्ये घालायचा असेल तर घाला, पण तोही निरनिराळ्या धंद्यांत, आणि सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारून. मोबदला जमा झाल्याच्या आठवड्यात दारात गाडी लावून उभा राहणारा एजंट बाहेरूनच परत पाठवा. असे एजंट येऊन गेलेली घरं मी ओळखतो.

रस्त्यावर ट्रकमधून पडलेला कोळसा थंडीत सिगडीत पेटवून खोलीत ठेवला तर चालतो का? सासूबाईंना गारठा सोसत नाही.
— एक वाचिका, माजरी

ताई, बंद खोलीत नका ठेवू. कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. सिगडी अंगणात पेटवा, सासूबाईंना तिथेच शेकू द्या, आणि झोपायच्या आधी ती बाहेरच राहू द्या. खोलीत त्यांना गोधडी आणि गरम पाण्याची पिशवी द्या. शेकताना डोकं दुखलं किंवा मळमळलं तर लगेच मोकळ्या हवेत न्या आणि दवाखाना गाठा.