आधी स्थैर्य, मग विभेदनक्षमता

ताऱ्याच्या डोलण्यावरून ग्रह शोधणाऱ्या वर्णपटमापकाचा (प्रकाश रंगांत पसरवून मोजणाऱ्या उपकरणाचा) तुझा आराखडा पाहिला. ग्रेटिंगवर, म्हणजे प्रकाश रंगांत फोडणाऱ्या भागावर, मेहनत घेतली आहेस, पण दाब आणि तापमानाला एकच ओळ दिलीस, हे मला खटकलं. गुरू सूर्याला सेकंदाला सुमारे 12.5 मीटर वेगाने डोलवतो, पृथ्वी जेमतेम 9 सेंटिमीटरने. असा वेग वर्णरेषा (वर्णपटातल्या बारीक रेषा) किती सरकल्या यावरूनच मोजायचा असतो. आणि हवेचा दाब एका मिलिबारने बदलला, तरी वर्णरेषा जवळपास 80 मीटर प्रतिसेकंद वेगाइतक्या सरकतात! म्हणून वर्णपटमापक निर्वात टाकीतच ठेव. चिलीतल्या ला सिल्या वेधशाळेच्या हार्प्स या वर्णपटमापकाने 2003 पासून हेच केलं. आपल्या माउंट अबूच्या पारस या वर्णपटमापकानेही. दोन्हीकडे तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर राखतात.

उपकरण दुर्बिणीवर टांगू नकोस. दुर्बीण वळली की ते वाकतं. प्रकाश फायबरने, म्हणजे काचेच्या बारीक तंतूने, खाली आण. फायबर अष्टकोनी घे: गोल फायबरमध्ये प्रकाश नीट मिसळत नाही, आणि दुर्बीण ताऱ्यावर रोखून धरण्यातली चूक थेट मोजलेल्या वेगात उतरते. शेजारून दुसरं फायबर, त्यात थोरियम-आर्गॉन दिव्याचा (ज्याच्या रेषांच्या जागा नेमक्या ठाऊक असतात) प्रकाश, ताऱ्यासोबत त्याच वेळी. उपकरणामुळे उरलेलं रेषांचं सरकणं त्यावरून वजा होतं.

डिटेक्टरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) शीतनाकडे मात्र नीट बघ. टाकी कितीही स्थिर असली, तरी चिप हलली तर रेषाही हलणारच. बजेट कमी पडलं तर मी विभेदनक्षमता (जवळजवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता) कमी करीन, निर्वात टाकी नाही.