उशाखालचा विळा

“मॅडम, हिला लेकराची ओढच नाही. पाजते आणि लगेच कोणाच्या तरी हातात देते.” नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसता बसताच सासूबाईंनी हे सांगितले, तेव्हा त्यांच्या आवाजात राग कमी आणि धास्ती अधिक होती. शेजारी त्यांचा मुलगा होता, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली रात्रपाळी संपवून तसाच आलेला. आणि दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेवर त्यांची सत्तावीस वर्षांची सून. दीड महिन्याचे बाळ तिच्या आईच्या मांडीवर होते. त्याच्या गालावर स्वतःच्याच वाढलेल्या नखाचा एक बारीक ओरखडा उठला होता आणि ती मुलगी सारखी त्या ओरखड्याकडे पाहत होती. ज्या आईला ओढ नसते ती असे पाहत नाही, एवढे माझ्या मनाने तेव्हाच टिपून ठेवले.

ही हकीकत मी तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे. “माझ्या मनात बाळाला इजा करण्याचे विचार येतात, माझ्या हातून खरेच तसे होईल का, आणि असे विचार येणारी मी आई तरी आहे का?” हा प्रश्न फार थोड्या बायका उघडपणे विचारतात. बहुधा तो झोप लागत नाही, दूध पुरत नाही, छातीत धडधडते, अशा तक्रारींच्या आडून येतो, आणि ऐकणाऱ्याने नेमके विचारले नाही तर आला तसाच परत जातो.

तिचे माहेर निफाड तालुक्यातले, घरची द्राक्षबाग. पहिलटकरीण म्हणून बाळंतपणासाठी ती तिकडे गेली होती आणि सप्टेंबरात सुखरूप मोकळी झाली. पाचवीच्या पूजेत रितीप्रमाणे विळा मांडला गेला आणि बाळाला बाधा होऊ नये म्हणून पूजेनंतर तोच विळा त्याच्या उशाखाली ठेवला गेला. त्या रात्री दोनच्या सुमारास बाळाला पाजत असताना, आपला हात त्या विळ्याकडे जातो आहे, असे एक चित्र तिच्या डोळ्यांपुढून सरकले. ती ताडकन उठली, आईला जागे करून बाळ तिच्याकडे दिले आणि पहाटेपर्यंत देव्हाऱ्यापुढे बसून राहिली. सकाळी तिने विळा माळ्यावर टाकायला लावला; कारण मात्र कोणाला सांगितले नाही.

त्यानंतर एकेक वस्तू घरातून हलू लागली. आधी विळी, मग सुरी. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली तेव्हा ओसरीवर ठेवलेल्या वडिलांच्या कात्र्या तिने शेडमध्ये नेऊन ठेवायला सांगितल्या. पुढे बाळाच्या आंघोळीच्या वेळी ती न्हाणीघरात थांबेना, त्याला घेऊन जिना चढेना, रात्री त्याच्याजवळ एकटी झोपेना. त्याची नखे तिने एकदाही कापली नाहीत आणि नीट दिसत नाही म्हणून आजीनेही हात लावला नाही. घरच्यांना फक्त एवढेच दिसत होते की ही बाळापासून दूर पळते. ती का पळते, हे कोणाला कळण्याचा मार्गच तिने ठेवला नव्हता.

त्या सहा आठवड्यांत घरी आलेल्या प्रत्येकाने बाळाचे वजन, बाळाची शी, बाळाचे दूध, बाळाचे नाव विचारले. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, यांत काही कमी पडले नाही. शेवटी विचारले ते आशाताईंनी. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताई ठरल्याप्रमाणे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्या ४२ व्या दिवशीच्या भेटीत बाळाचे वजन उतरवून झाल्यावर त्यांनी काटा बाजूला ठेवला आणि म्हटले, “आणि तुझं काय गं?” ती रडू लागली. काय होते आहे हे तिने सांगितले नाही, परंतु ताईंनी तिला १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या मानसिक आरोग्याच्या या सरकारी दूरध्वनी सेवेत चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. तिथल्या समुपदेशकांनी प्रत्यक्ष भेटीचा आग्रह धरला, म्हणून ती माझ्यापर्यंत पोहोचली. त्या माऊलीच्या एका वाक्याने जे घडवले ते माझ्या सगळ्या शिक्षणापेक्षा मोठे आहे, असे मी मनापासून मानते.

मी इतरांना बाहेर बसण्याची विनंती केली आणि तिला म्हटले, “बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांच्या मनात बाळाला काही होईल, किंवा आपल्याच हातून काही होईल, असे नकोसे विचार येतात. वडिलांच्या मनातही येतात. तुमच्या मनात असे काही येते का?” हा प्रश्न मी नेहमी असाच, आधी इतरांचे सांगून मगच विचारते, कारण ‘तुम्हाला बाळाला मारावेसे वाटते का’ असे थेट विचारले तर त्यातला आरोप तेवढा ऐकू जातो. ती बराच वेळ गप्प होती. नंतर तिने मला दोन प्रश्न विचारले: “तुम्ही पोलिसांना सांगाल का?” आणि “बाळ माझ्याकडून काढून घेतील का?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावे, म्हणून इथे लिहिते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ असे सांगतो की मानसोपचार केंद्रात दाखल असलेल्या स्त्रीपासून तिच्या तीन वर्षांखालील मुलाला सर्वसाधारणपणे वेगळे करू नये. आईपासून बाळाला धोका आहे किंवा बाळाच्या हितासाठी आणि सुरक्षिततेसाठी तसे करणे गरजेचे आहे, असे उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचे मत असेल तरच ते वेगळे ठेवता येते, आणि तेही तात्पुरते. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तर २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे. उपचार घ्यायला गेले की मूल हिरावले जाते, ही भीती कित्येक बायकांचे तोंड बंद ठेवते, आणि ती निराधार आहे.

मग ती बोलली. तिने सगळे सांगितले, आणि मधेमधे पदराने हात पुसत राहिली, जणू हातांना काही लागले आहे.

अशा वेळी समुपदेशकाने एक भेद अतिशय काळजीपूर्वक करायचा असतो. हे विचार तिला हवेसे वाटतात की नकोसे? ते योग्य आहेत, तसे करायलाच हवे, असा तिला विश्वास वाटतो का? कोणी कानात आज्ञा देते का? बाळ बदलले गेले आहे, त्याच्यात काही शिरले आहे, असे वाटते का? दोन-दोन रात्री न झोपताही थकवा जाणवत नाही, बोलणे भरकटते, दिवस-वार कळेनासे होतात, असे काही आहे का? यांपैकी काही असेल तर तो बाळंतपणानंतर होणारा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटणारा आजार, असू शकतो. तो विरळा आहे, हजार बाळंतपणांमागे एक किंवा दोन; पण बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, झपाट्याने सुरू होतो आणि त्या बाईला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागते, तोवर तिला आणि बाळाला क्षणभरही एकटे ठेवायचे नसते.

तिच्या बाबतीत यातले काही नव्हते. तिला ते विचार किळसवाणे वाटत होते, ते आले की तिला घाम फुटत होता, आणि ते खरे होऊ नयेत म्हणून ती घरभर आटापिटा करत होती. याला मराठीत मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. त्यात मन नेमक्या त्याच गोष्टीला धरते जी माणसाला जिवापाड जपायची असते. देवभक्ताच्या मनात देवाविषयी अभद्र येते आणि आईच्या मनात बाळाविषयी. एखादा भलता विचार बहुतेक नव्या आईबापांच्या मनाला शिवून जातो आणि ते मान झटकून कामाला लागतात. मंत्रचळात माणूस त्या विचाराला पुरावा मानतो आणि स्वतःवर पहारा बसवतो.

बाळंतपणानंतरची उदासीनता चाचपून पाहणारी एडिंबरा प्रश्नावलीही मी भरून घेतली. १९८७ साली तयार झालेल्या या प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न असतात आणि कमाल गुण ३०. तिचे १७ आले, म्हणजे मंत्रचळाबरोबर उदासीनतेचीही दाट शक्यता होती. भारतातल्या अभ्यासांचा २०१७ साली झालेला एकत्रित आढावा बाळंतपणानंतरच्या उदासीनतेचे प्रमाण सुमारे २२ टक्के सांगतो, तेव्हा हे काही अघटित नव्हते. मला अस्वस्थ केले ते दहाव्या प्रश्नाने, जो स्वतःला इजा करण्याविषयी असतो. “मीच नसले तर तो सुरक्षित राहील, असं कधीकधी वाटतं,” ती म्हणाली. कोणताही बेत नव्हता, तयारी नव्हती. तरी असे वाक्य मी कधीही हलके घेत नाही. तिच्या परवानगीने नवऱ्याला आत बोलावले, घरातली औषधे आणि बागेची फवारणीची औषधे कुलपात ठेवण्याविषयी बोलले, पुढचे काही दिवस तिच्या सोबतीला कोण राहील ते ठरवले आणि दुसऱ्याच दिवशीची मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतले, कारण बाळंतपणानंतर ही दोन्ही बिघडली तर मनावर परिणाम होतो. नंतर औषध सुरू केले. दूध तोडावे लागेल का, हा तिच्या आईचा प्रश्न होता. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधे आहेत. त्यांतले सर्ट्रालीन बहुतेकदा प्रथम विचारात घेतले जाते, कारण ते दुधातून बाळापर्यंत फार अल्प प्रमाणात जाते. मंत्रचळात या गोळ्यांचा पुरता गुण यायला दोन-तीन महिनेही लागतात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात, हे डॉक्टरांनी सांगितले आणि मीही दर भेटीत पुन्हा सांगितले.

खरी मेहनत घरात होती. ती ठरल्यापेक्षा लवकर सिडकोतल्या सासरी आली, सोबत तिची आई. नवरा कामावर असला की ती त्याला दिवसातून पंधरा-वीस वेळा फोन करत असे: “मी काही करणार नाही ना?” तो बिचारा मशीन सोडून बाहेर येई आणि “नाही गं, वेडी का तू” म्हणे. तिला दहा मिनिटे बरे वाटे आणि पुन्हा फोन येई. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः ही चूक केली आहे. अशाच एका आईला मी आठवड्यामागून आठवडे “तुमच्या हातून असे कधीच होणार नाही” अशी ग्वाही देत राहिले, आणि तिची शंका वाढतच गेली, कारण दिलासा हेच त्या आजाराचे खाद्य असते. ती चूक मला अजून सलते. या वेळी आम्ही तिघांनी मिळून उत्तर ठरवले. तो म्हणायचा, “हे तुझा आजार विचारतोय. मी याचं उत्तर देणार नाही, पण मी फोनवर आहे.” पहिल्या आठवड्यात ती त्याच्यावर चिडली, रडली. तिसऱ्या आठवड्यात फोन चार-पाचवर आले.

त्याचबरोबर तिने वहीत एक जिना काढला. सर्वांत खालची पायरी म्हणजे बाळ मांडीवर आणि विळी शेजारच्या खोलीत. मग विळी त्याच खोलीत. मग सासूबाई भाजी चिरत आहेत आणि ती समोर बाळाला घेऊन बसली आहे. प्रत्येक पायरीवर भीती चढली तरी बाळ दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाही, मनात नामजप करून विचार पुसायचा नाही, भीती आपोआप उतरेपर्यंत बसायचे. हे वाचून कोणी एकट्याने घरी सुरू करू नये. निदान पक्के झाल्यावर, जाणकाराच्या देखरेखीखालीच हे करायचे असते.

रात्रीची एक सलग झोप, चार-पाच तासांची, हीदेखील उपचारातच मोडते. काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने पाजण्याची रात्रीची एक पाळी सासूबाईंनी घेतली. ज्यांनी पहिल्या दिवशी ‘ओढ नाही’ म्हटले होते, त्यांना मी तिच्या संमतीने खरे कारण सांगितले तेव्हा त्या पुष्कळ वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझा थोरला झाला तेव्हा मी विहिरीच्या बाजूला जात नव्हते. पाणी दुसरंच कोणीतरी आणायचं. मी कोणाला सांगितलं नाही.” सून त्यांच्याकडे पाहतच राहिली. पुढचे अर्धे काम त्या एका वाक्याने सोपे केले.

त्यांनी मला विळ्याबद्दलही विचारले: तो परत उशाखाली ठेवायचा का? धारदार वस्तू तान्ह्या बाळाच्या अंथरुणात नको, हे मी स्पष्ट सांगितले. रीत पाळायचीच असेल तर देव्हाऱ्यात ठेवा, पण माळ्यावर लपवू नका, कारण तिच्यासाठी तो लपवलेला असणे जास्त वाईट. तेव्हापासून निफाडहून आणलेला तो विळा सिडकोतल्या घरात देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, तिला दिसेल असा आहे.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती आली तेव्हा बाळ तिच्याच कडेवर होते आणि नवरा पार्किंगमध्ये गाडी लावत होता. विचार अजून येतात का, असे मी विचारले. “येतात,” ती म्हणाली, “कालपण आला, मी भाजी चिरत होते. चिरत राहिले.” वहीतल्या जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर तिने नखे लिहिली होती. तिने बाळाच्या दोन्ही मुठी उघडून माझ्यापुढे धरल्या. नऊ नखे नीट कापलेली होती. “अंगठ्याचं राहिलं,” ती म्हणाली, “तो जागा झाला. आज झोपला की कापते.”