सायकलला जोडायची ट्रॉली भंगारातून घरी बनवता येते का?

तुम्ही विचारलंय की दळण आणि नर्सरीतल्या कुंड्या आणायला सायकलमागे छोटी ट्रॉली हवी आहे, विकतची परवडत नाही, वेल्डिंग येत नाही. तरी बनवता येते की. माझी गेली चार वर्षं कोल्हापुरात रोज फिरतेय. वेल्डिंग मलाही येत नाही.

चाकं लहान मुलांच्या सायकलची, 20 इंची, आणि दोन्ही पुढचीच घ्या. मागच्या चाकाला फ्रीव्हील (चेनची दातेरी चकती) असतं, हबही (चाकाचा मधला नळा) रुंद असतो, उगाच डोक्याला ताप. मला भंगारवाल्याकडे जोडी तीनशेत मिळाली. रिम डगमगत होत्या, पंक्चरवाल्याकडून आऊट काढून घेतली. हबमध्ये छर्रे आणि ग्रीस नवीन घाला, हे काम स्वस्तात होतं.

सांगाड्याला दुकानातल्या मोडक्या रॅकचे भोकं पाडलेले लोखंडी अँगल आणा. सगळं नट-बोल्टवर उभं राहतं. फक्त चाकाला दोन्ही बाजूंनी अँगलचा आधार पाहिजे. सायकलचा एक्सल (चाकाच्या मधला दांडा) एकाच टोकाला धरला तर वजन पडल्यावर वाकतो. एका बाजूने धरायचंच असेल तर व्हीलचेअरची चाकं शोधा, ती त्यासाठीच केलेली असतात. वर मी भाजीचे दोन प्लास्टिक क्रेट बसवलेत.

आता खरी गोष्ट: जोड. पहिल्यांदा मी ट्रॉलीची ओढायची दांडी सरळ सायकलच्या कॅरिअरला तारेनं बांधली होती. रंकाळ्याच्या बाजूला एका वळणावर ब्रेक दाबला, मागून ट्रॉलीनं ढकललं, सायकल आडवी आणि दहा किलो जोंधळ्याचं पीठ रस्त्यावर. बायकोनं ते प्रकरण अजून मिटू दिलेलं नाही.

ओढ जितकी खाली तितकी सायकल स्थिर. म्हणून जोड मागच्या चाकाच्या एक्सलवर, डाव्या बाजूला (उजवीकडे चेन येते). एक्सलच्या नटाखाली जाड लोखंडी पट्टी घालायची आणि तिचं टोक मागे आडवं वळवून घ्यायचं. त्या टोकात उभा बोल्ट, त्यावर ट्रॉली डावी-उजवी वळते. बोल्टला नायलॉक नटच (आत नायलॉनची कडी असलेला) लावा, साधा नट खडखडून सुटतो. बोल्ट आणि दांडी यांच्या मध्ये कापडाचे थर असलेल्या जाड रबरी पाइपचा वीतभर तुकडा, दोन्ही टोकांना आरपार बोल्ट. सायकल कलली किंवा खड्ड्यात गेली की हा रबर पिळतो आणि ट्रॉली उभीच राहते. सायकल पूर्ण आडवी केली तरी माझे क्रेट कलंडत नाहीत. रबर तुटलाच तर म्हणून नायलॉनचा पट्टा ढिला ठेवून सायकलच्या फ्रेमला बांधा. माझा एकदा तुटला, पट्ट्यानं वाचवलं. तेव्हापासून दर पावसाळ्याआधी रबर बदलतो.

सायकलच्या मागच्या एक्सलपासून क्रेटपर्यंत निदान दोन फूट अंतर ठेवा, नाहीतर वळताना मागचं चाक क्रेटला घासतं.

ट्रॉलीचा एक्सल मधोमध नको, दोन-तीन बोटं मागे. चाळीस किलो भरल्यावर दांडीचं टोक ताणकाट्यानं उचलून बघा, तीन-चार किलो दाखवलं की झालं. मागचं पारडं जड झालं तर दांडी सायकलचं मागचं चाक वर उचलू पाहते आणि उतारावर ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते. जड पोतं म्हणून थोडं पुढे ठेवा. भोकांच्या अँगलचा इथे फायदा, चाकं एक भोक पुढे-मागे सरकवली की काम झालं.

ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो. पन्नास किलोच्या वर मी जात नाही, आणि पावसात रिम ओल्या असल्या की त्याच्या निम्मं. मागे रिफ्लेक्टर आणि काठीला लाल फडकं लावा, ट्रॉली रिक्षावाल्यांच्या नजरेच्या खाली असते.

आणि हो, प्रश्नात शेवटी नातवाला बसवायचं लिहिलंय. त्याला यात बसवू नका. कुंड्या फुटल्या तर नवीन आणता येतात.