ऑ पेअर म्हणून गेलेली पोरगी रोज फोनवर रडते, परत बोलवू का?

जर्मनीला ऑ पेअर म्हणून गेलेल्या पोरींच्या आया माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा प्रश्न बहुतेक हाच असतो. नागपुरात जर्मनचे क्लासेस आता बरेच झालेत, ए-वन म्हणजे जर्मनची पहिली पातळी पास झालं की पोरी अर्ज करतात, व्हिसासाठी वय 27च्या आत लागतं म्हणून घाईही असते, आणि मग जर्मन कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायची, भाषा शिकायची असं वर्षभराचं ठरतं.

मनीषनगरच्या एक ताई आल्या होत्या (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). पोरगी 22 वर्षांची, बीकॉम झालेली. ताई म्हणाल्या, "मॅडम, आम्ही सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलो ना, आता परत आली तर लोकं म्हणतील जमलं नाही हिला." म्हणून त्या रोज फोनवर तिला म्हणायच्या, थोडं अ‍ॅडजस्ट कर बेटा.

मग मी पोरीशी व्हिडिओवर बोलले, तिकडे संध्याकाळ, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. मला आधी बघायचं होतं की ही घरची आठवण आहे की दुसरं काही, म्हणून विचारलं, सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं तुला? ती म्हणाली, "सुट्टी असतेच कुठे मॅडम." सकाळी मुलांचे डबे, त्यांना किंडरगार्टनला सोडायचं, मग सगळ्या घराची इस्त्री, बाथरूम, दुपारनंतर परत मुलं, शनिवारी पाहुणे, आणि जर्मनचा क्लास तर या सगळ्यात सुटलाच होता.

मी म्हटलं एक आठवडा तास लिहून ठेव. तर ती गप्प झाली आणि म्हणाली, "ते मला घरचीच समजतात, घरच्या कामाचे तास कसे मोजायचे?"

मला वाटतं सगळा गुंता इथेच होता. आपल्याकडे न सांगता उठून काम करणाऱ्या पोरीचं कौतुक होतं, नाही म्हणणारी उद्धट ठरते, आणि हीच सवय घेऊन ती तिकडे गेली. पण तिथे नियम आहेत! दिवसाला 6 आणि आठवड्याला 30 तासांपेक्षा जास्त काम नाही, रात्री मुलांजवळ थांबलं तरी ते त्यातच धरतात, घरकाम हलकंच, आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, महिन्याला 280 यूरो पॉकेटमनी आणि भाषेच्या कोर्ससाठी कुटुंबाकडून 70 यूरो. हे तिच्या करारातही होतं, पण व्हिसा मिळाल्यापासून तिने तो उघडलाच नव्हता.

तिने लिहिलं तर तास चाळीसच्या वर गेले. मग आम्ही तिला बोलायची तीन-चार साधी जर्मन वाक्यं ठरवली आणि मी त्या घरची बाई होऊन तिच्याकडून ती परत परत म्हणवून घेतली, पहिल्यांदा तर ती सॉरीनेच सुरू करायची. इकडे ताईंशी वेगळं बोलले, त्यांना एवढंच सांगितलं की अ‍ॅडजस्ट कर म्हणणं थांबवा आणि आज क्लासला गेली का ते विचारा.

ती बोलली. इस्त्री गेली, शनिवार मात्र काही सुटेना, तेव्हा तिने कुटुंब जुळवून देणाऱ्या एजन्सीला कळवलं, करारातल्या नोटिशीप्रमाणे घर सोडलं, तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवून दुसऱ्या कुटुंबात गेली. कुटुंब बदलता येतं हेच खूप पालकांना माहीत नसतं, त्यांना वाटतं की एकतर सहन करा नाहीतर नागपूरचं तिकीट काढा. ताईंनी नातेवाइकांना सांगितलं की पोरीने घर बदललं, आणि कोणी पुढे काही विचारलंही नाही.

पण पासपोर्ट काढून घेतला असेल, बाहेर जाऊ देत नसतील किंवा कोणी अंगाला हात लावला असेल तर माझ्यासारखीची अपॉइंटमेंट घेत बसू नका, पोरीला सांगा लगेच 110 वर पोलिसांना फोन कर, आणि भारताचा दूतावास बर्लिनला आहे, वाणिज्य दूतावास फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गला आहेत, त्यांचे नंबर जायच्या आधीच तिच्या आणि तुमच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.