ग्रंज: प्रकार, घराणं की बाज?

प्रश्न असा आलाय: निर्वाना, पर्ल जॅम, साउंडगार्डन आणि अ‍ॅलिस इन चेन्स या चारही अमेरिकन रॉक बँडना 'ग्रंज' म्हणतात, पण ऐकताना एकाचा दुसऱ्याशी काही मेळ बसत नाही. मग मराठीत लिहिताना ग्रंजला 'संगीतप्रकार' म्हणावं, 'शैली' म्हणावं की 'घराणं'?

'घराणं' म्हणायचा मोह होतो खरा. ग्वाल्हेर, किराणा, आग्रा ही नावं गावांवरून पडली, आणि ग्रंजलाही अमेरिकेतल्या सिएटल शहरावरून 'सिएटल साउंड' म्हणायचे. पण घराणं म्हटलं की तालीम आली, गुरूकडून शिष्याकडे गेलेली गायकी आली. या मंडळींनी कुणाचा गंडा बांधला नव्हता. एकच शहर (निर्वाना मूळचा तिथून काही अंतरावरच्या अ‍ॅबरडीनचा), एकच काळ. हा झाला शेजार, त्याला घराणं कसं म्हणणार?

'प्रकार' जास्त रुळलेला आहे, पण माझी अडचण तिथेच आहे. ठुमरी, अभंग, पोवाडा हे प्रकार, कारण त्यांना काहीएक बांधणी आहे. ग्रंजची बांधणी कुठली? साउंडगार्डनचं १९९४ चं 'स्पूनमन' लावा आणि पायाने ठेका धरा. मुख्य रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, सात मात्रांची आहे. चाराच्या हिशेबाने गेलात तर दुसऱ्या चौकड्यात एक मात्रा कमी पडते आणि पाय चुकतो. निर्वानाचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' सरळ चाराचं, कडव्यात दबकं आणि ध्रुवपदात एकदम फुटणारं. अ‍ॅलिस इन चेन्समध्ये लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल यांचे आवाज एकमेकांना खेटून चालतात, आणि गिटार हेवी मेटलच्या अंगाने जड. पर्ल जॅमच्या 'अलाइव्ह'च्या शेवटी येणारा लांबलचक गिटार सोलो तर थेट सत्तरच्या दशकातल्या रॉकमधून उठून आल्यासारखा.

तरी एक गोष्ट चौघांत आहे, आणि ती शब्दातच दडलीय. इंग्रजी बोलीत 'ग्रंज' म्हणजे मळ, चिकट घाण. गिटारच्या त्या खरखरीत, मळकट आवाजाला शोभणारा शब्द. म्हणजे हे नाव मुळात पोताचं आहे. ते आकाराचं समजून वापरलं की चौघांना एका मापाचे सदरे शिवायची वेळ येते.

म्हणून माझं मत 'बाज'ला. तबल्यात दिल्लीचा बंद बाज, पूरबचा खुला बाज म्हणतात, तिथे वाजवण्याची तऱ्हाच अभिप्रेत असते. शिवाय मराठीत 'लावणीच्या बाजाचं गाणं' म्हटलं तर ती लावणीच आहे असा दावा होत नाही. ही ढिलाई फार कामाची आहे. 'अ‍ॅलिस इन चेन्स हा ग्रंज बँड आहे' या वाक्यावर भांडण होतं. 'त्यांची बरीच गाणी ग्रंजच्या बाजाची आहेत' यावर सहसा होत नाही. 'धाटणी' आणि 'वळण'ही चालतील. 'शैली' मी एकेकट्या कलाकारासाठी राखून ठेवतो: निर्वानाच्या कोबेनची शैली, साउंडगार्डनच्या कॉर्नेलची शैली.

आणि बाहेरच्यांनी मारलेलं नाव असेल तर सरळ 'शिक्का' म्हणावं. सत्तरच्या दशकातल्या जर्मन रॉकला मिळालेलं 'क्राउटरॉक' हे नाव पाहा. 'क्राउट' ही जर्मनांना हिणवायची इंग्रजी शिवी, आणि ब्रिटिश संगीतपत्रांनी तो शिक्का 'क्राफ्टवेर्क'पासून 'कान'पर्यंत (Can) सगळ्या जर्मन बँडवर उठवला. त्यांच्यातल्याच 'फाउस्ट' या बँडने १९७३ मध्ये आपल्या एका लांबलचक वाद्यरचनेचं नावच 'क्राउटरॉक' ठेवून टाकलं. चिडवणाऱ्याचा शब्द त्याच्याच पदरात घातला म्हणा ना!

प्रश्नाच्या शेपटाला 'ग्रंज ऐकला की ऐकलं' असंही विचारलंय. मी 'ऐकला' म्हणतो. जॅझही माझ्या तोंडी 'तो'च आहे.